दाजींचा शक्तिमान

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव चढला की ती बातमी आधी सोनाराला लागते, मग ट्रॅक्टरच्या शोरूमला, मग नांदेडच्या प्लॉटवाल्या दलालांना आणि सगळ्यात शेवटी ज्याची हळद असते त्याच्या घरच्यांना. पैसा कोणत्या दारानं बाहेर जाणार हे तो आत येण्याआधीच ठरलेलं असतं. थोरल्याला बुलेट, धाकट्याला लातूरचा क्लास, बायकोला गंठण, शेतात बोअर. बोअरला पाणी लागलं नाही तर शेजारी दुसरा बोअर. २०२३ च्या पावसाळ्यात हळदीनं अशी उसळी मारली की वर्षानुवर्षं पोती धरून बसलेली माणसंसुद्धा मोंढ्यात हसताना दिसली. त्या साली ही सगळी वहिवाट आमच्या दाजींनी मोडली. पट्टी हातात पडली त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "आपल्याला ट्रक घ्यायचाय."

ट्रक घेणं ही वसमतला नवलाई नाही. पूर्णा कारखान्याचा ऊस आहे, मोंढ्यातली हळद आहे. दाराशी ट्रक उभा असलेली घरं इथं पुष्कळ. पण दाजींना भाडं मारायचं नव्हतं. ट्रकवर खोली बांधून त्यांना तिच्यात राहायचं होतं, आणि जिथं रस्ता नाही तिथं जायचं होतं.

"रस्ता नाही तिथं जायला ट्रक कामून पाहिजे?" त्यांचा शेतशेजारी म्हणाला. "आमच्या आखाड्यावर या की चालत."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी पोरांना सहारा, गोबी आणि पाटागोनिया छडीच्या टोकानं दाखवले. स्वतः मात्र शाळेच्या सहलीबरोबर वेरूळच्या पुढं गेले नाहीत, आणि वेरूळलाही त्यांचा सगळा वेळ पोरं मोजण्यात गेला. कैलास लेणं कसं आहे, असं विचारलं तर ते आजही "दोन पोरं कमी भरत होती" इतकंच सांगतात.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरलं जर्मनीत. पोरगा तिकडं नोकरीला. त्यानं आईबापाला उन्हाळ्यात बोलावून घेतलं आणि स्टुटगार्टला मर्सिडीजच्या संग्रहालयात नेलं. तिथं गुंथर होल्टोर्फ नावाच्या गृहस्थाची गाडी ठेवलेली आहे. १९८८ सालची निळी जी-क्लास, तिचं नाव ऑटो. हा माणूस त्या गाडीत झोपत, तिच्या मागच्या दारात स्वयंपाक करत २०१४ पर्यंत जगभर फिरला. सव्वीस वर्षांत जवळजवळ नऊ लाख किलोमीटर. दाजी त्या गाडीसमोर हात जोडून उभे राहिले असं पोरगा सांगतो. ताईनं गाडीच्या आत वाकून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "याचं शेत कोण बघत होतं?"

नंतर त्यांना रस्तोरस्ती तसल्याच गाड्या दिसू लागल्या. लष्करातून आणि अग्निशमन दलातून निघालेले जुने मर्सिडीज, मॅगिरस, मॅन ट्रक तिकडं हौशी लोक घेतात, मागचा हौदा काढतात, त्यावर खिडक्यांची पेटी चढवतात आणि मोरोक्को नाहीतर मंगोलियाला निघतात. पेटीत बिछाना, शेगडी, न्हाणी, पाण्याची टाकी. पोरानं कौतुकानं सांगितलं, "बाबा, यात दोनशे लिटर पाणी बसतं." यावर मात्र दाजींना बोलल्यावाचून राहवेना. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं, तिथल्या माणसाला दोनशे लिटरचं काय सांगतोस, असं ते म्हणाले. मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात मोरीतल्या बादल्या आणि गच्चीवरची पिंपं सोडून दोनशे लिटर निघतं.

वसमतला परतल्यावर दाजींनी चौकातल्या हॉटेलात या गाड्यांचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी उनिमॉग. हा जर्मन ट्रक सहारा तुडवणाऱ्यांचा फार लाडका, पण त्याचा जन्म शेतासाठी झालेला. दुसरं महायुद्ध संपलं, जर्मनीत खायची वानवा. तेव्हा अल्बर्ट फ्रीडरिश नावाच्या इंजिनियरनं शेतातही चालेल आणि रस्त्यावरही पळेल असं पंचवीस अश्वशक्तीचं, चारही चाकांनी ओढणारं यंत्र काढलं. त्याच्या दोन चाकांमधलं अंतर ठेवलं १२७० मिलिमीटर, कारण बटाट्याच्या दोन ओळी त्यात बरोबर बसत.

इथपर्यंत हॉटेलात कुणाचंच लक्ष नव्हतं. १२७० मिलिमीटरला दोघांनी बशी खाली ठेवली.

"फुटांत किती झालं, सर?"

"पन्नास इंच. चार फूट दोन इंच."

"आपला गादीवाफा साडेचार फुटावर. चार इंच कमी पडायलंय."

"चाकं बाहेरून सरकवता येतेत का?"

"हळद लावल्यावर मधून फवारणीला चालंल का ते?"

"वाफा तोडंल. खालून उंच किती हाय?"

उंच पुष्कळ आहे, असं दाजींनी सांगितलं. चाकाच्या आसाला दोन्ही टोकांना गिअर बसवून मधला आस वर उचललेला असतो, म्हणून खालून दगड लागत नाही. मग हळदीच्या पानांची उंची, जुलैतली आणि ऑक्टोबरातली, यावर खल झाला. उनिमॉग वसमतच्या मापात कसा बसवायचा हे ठरवता ठरवता दुसरा चहा संपला. सहाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दाजी घरी येऊन म्हणाले, "लोकांना क्षितिज नाही." माझं मत वेगळं आहे. यंत्र पाहिल्यावर त्याचं माप विचारणारी माणसं यंत्र बनवणाऱ्याला क्षितिज पाहणाऱ्यांपेक्षा जास्त कळली असती.

पोराला सांगून तिकडचाच एखादा जुना ट्रक आणावा, हा पहिला बेत होता. तो कायद्यानं लगेच निकालात काढला. परदेशातून वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही, आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला लागतं. म्हणजे जुनी गाडी आणायला परवानगी आहे, फक्त ती नवी असली पाहिजे.

राहिला आपला मिलिटरी डिस्पोजलचा मार्ग. या भागात त्याची फार जुनी परंपरा. युद्धानंतर लिलावात निघालेल्या जिपांनी मराठवाड्यात किती निवडणुका लढवल्या याची गणती नाही. दाजींनी आधी जोंगा पाहिली. ती जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्यावर सैन्यासाठी बनायची, आणि महेंद्रसिंग धोनीनं २०१९ साली एक घरी आणल्यापासून तिच्या मालकांनी भाव असे चढवले की हळद लाजावी. शिवाय ती पेट्रोलची, जवळजवळ चार लिटरच्या इंजिनाची. तिची टाकी भरून देईल एवढी शेती वसमत तालुक्यात फार थोड्यांची.

मग कुणीतरी शक्तिमानची खबर आणली.

तरुण वाचकांना शक्तिमान म्हटल्यावर गरगर फिरणारे मुकेश खन्ना आठवतील. ते १९९७ ला दूरदर्शनवर आले. त्याआधी जवळजवळ चार दशकं शक्तिमान म्हणजे सैन्याचा ट्रक: जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५९ च्या सुमारास जबलपूरला बनू लागलेला, चारही चाकांनी ओढणारा, आणि १९९६ ला बंद झालेला. दाजींना तर हर्ष झाला. मॅनमधला ‘ए’ म्हणजे ऑग्सबर्ग. त्याच गावच्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली आपलं इंजिन चालवून दाखवलं. "म्हणजे डिझेल ज्या घरात जन्मलं त्या घरातला हा ट्रक," दाजी म्हणाले. "कुळ बघा की, पाव्हणे!"

कुळ नांदेड रोडला एका भंगाराच्या वखारीमागं उभं होतं. सोबत मी होतो, आणि दाजींच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, ज्यांनी मोठ्या गाड्यांखाली पाठीवर पडून उभा जन्म काढला आहे. ट्रकवर वेल चढला होता. बॉनेटवर शेळी बसली होती. ती आम्हाला पाहून उठली नाही.

"सर, मिलिटरी मेंटेन गाडी हाय," दलाल म्हणाला. "फर्स्ट ओनर राष्ट्रपती."

"आणि सेकंड?"

"सेकंड ओनर क्रशरवाला."

आरसी बुकावर मॉडेल १९७८, नोंदणी परभणीची. लिलावातून सुटून ती गाडी नोंदवली गेली तेव्हा हिंगोली जिल्हा झालाच नव्हता. तो १ मे १९९९ चा. आपला ट्रक आपल्या जिल्ह्याहून जुना, या गोष्टीचं दाजींना इतकं अप्रूप वाटलं की बाकी काही पाहायची गरजच उरली नाही. मिस्त्रींनी मात्र पाहिलं. ते हातोडी घेऊन चेसीखाली शिरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेले. लोखंड शाबूत असलं की ठणठण वाजतं, आतून गंजलेलं असलं की बद्द आवाज येतो. जुना ट्रक घेताना इंजिनाच्या आधी हे ऐकायचं असतं. इंजिन दुसरं मिळतं, चेसी मिळत नाही, आणि चेसीवर नंबर कोरलेला असतो. चेसी ठणठणीत निघाली. कमानपाट्यांतला एक पाटा तुटून दोरीनं बांधलेला होता. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा जागेवर नव्हता, त्या जागी टॉमी खोचलेली होती. पॉवर स्टिअरिंग या वयाच्या ट्रकला नसतंच; मिस्त्रींनी चाक धरून दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कुठं शेळी उतरली.

मिस्त्री हात पुसत बाहेर आले आणि निकाल दिला, "गाडी तो नंबर एक है, मास्तर. बस, चलती नै."

दाजींनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. "मायलेज किती देते?" असं मी विचारलं, तर दलालानं दुखावल्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं. ज्या गाडीनं सरहद्द राखली तिला असं विचारू नये, असं त्याचं म्हणणं पडलं. दाजींनी खिशातून इसाराचे पैसे काढले.

खरी मोहीम इथून पुढं सुरू झाली, आणि तिला ट्रकची गरज नव्हती. ती कागदावरची होती.

जर्मनीत गाडी तीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात नीट राखलेली असली की तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ लागतो. ‘एच’ म्हणजे ऐतिहासिक. मग वर्षाला सरसकट १९१ युरो आणि काही सेंट एवढाच कर. ट्रक कितीही मोठा असो. तिकडचे हौशी लोक तीस वर्षांचा ट्रक शोधतात तो काही निव्वळ प्रेमापोटी नाही. आपल्याकडं पंधरा वर्षं झाली की पासिंगची फी चढते, पर्यावरण कर लागतो, आणि गाडी भंगारात का काढत नाही असा प्रश्न शेजारीही विचारू लागतात. २०२१ साली केंद्रानं मात्र एक नियम काढला: पन्नास वर्षं झालेल्या हौशी खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा नंबर. म्हणजे आपल्या देशात गाडी पंधराव्या वर्षी भंगार होते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं तिनं कुठं लपून बसायचं ते नियमात लिहिलेलं नाही. दाजींनी बोटं मोजली. १९७८ अधिक पन्नास. "फार नाही, थोडीच वर्षं राहिलीत," ते एजंटाला म्हणाले. एजंट म्हणाला, "सर, हा मालवाहू ट्रक हाय. याला व्हिंटेज नाही, याला पासिंग. दर सालाला."

आणि मालवाहू ट्रकमध्ये माणूस हा माल धरत नाहीत. राहायचं असेल तर गाडी ‘मोटर कॅराव्हॅन’ म्हणून नोंदवली पाहिजे. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलेलं आहे, त्यामुळं दाजींना वाटलं, शासन आपली वाटच पाहत असणार. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कारखान्यातून निघालेल्या गाडीचं रूप मंजुरीशिवाय बदलता येत नाही, आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. त्यात कॅराव्हॅन कशाला म्हणायचं ते लिहिलंय: झोपायची सोय हवी, स्वयंपाकाची सोय हवी, सामान ठेवायची जागा हवी, आणि बसायला आसनं व एक टेबल हवं.

"टेबल?" ताईनं विचारलं.

"टेबल."

"आपण खाली बसून जेवतो."

"मग ती कॅराव्हॅन होत नाही," दाजी म्हणाले.

दाजींच्या घरी आयुष्यात एकच टेबल आलं होतं, ते शाळेनं निवृत्तीच्या वेळी दिलं, आणि त्याच्यावर आजतागायत हळदीची पोती आहेत.

तरीही खोलीचा आराखडा निघाला. सुताराला बोलावलं. सुतार म्हणाला, चार कोपऱ्यांत बोल्ट मारून पेटी चेसीला आवळून टाकतो. इथं दाजींनी जर्मनीत शिकलेलं ज्ञान काढलं: खडबडीत जमिनीवर ट्रकची चेसी पिळते, एक चाक वर आणि एक खाली गेलं की लोखंड मुद्दाम वाकतं, त्याच्यावर पेटी घट्ट आवळली तर पेटी फाटते, म्हणून तिकडं पेटी तीन ठिकाणी, झुलत्या बिजागऱ्यांवर ठेवतात. सुताराला ते पटेना. तेवढ्यात शेजारचा गवंडी म्हणाला, "काळ्या मातीतल्या घरासारखंच की. उन्हाळ्यात जमीन फाटते, पावसाळ्यात फुगते. पाया मोकळा सोडला नाही तर भिंत तडकणारच." सुतारानं पेन्सिल कानावरून काढली आणि तीन खुणा केल्या. इंजिनियरिंगच्या कॉलेजात यासाठी किती तास लागतात मला माहीत नाही.

ताईनं आराखडा पाहिला तो भाकरी थापता थापता. तिचे प्रश्न थोडे होते. देवघर कुठं? (पूर्वेला. पण ट्रक वळला की पूर्व बदलते, हे तिनंच दाखवून दिलं. भूगोलाच्या शिक्षकाला उत्तर सुचलं नाही.) लोणच्याच्या बरण्या कुठं? आणि संडास झोपायच्या खोलीत का? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला: "आपण निघालो आणि वाटेत परभणीच्या आत्याबाई भेटल्या, तर त्यांना कुठं झोपवायचं?"

बिछाना दोघांचा होता. जर्मन माणूस आपला संसार दोन माणसांच्या मापानं करू शकतो, कारण त्याच्या आत्याबाई त्याला वाटेत भेटत नाहीत. आपल्याकडं मोकळ्या गाडीला हात दाखवणं हा आप्तांचा हक्क आहे. आत्याबाईंसाठी एक फळी वाढवली. आत्याबाई एकट्या फिरत नाहीत, म्हणून दुसरी. थोरल्या भावजयीचा गुडघा दुखतो, तिला खालची जागा. मेहुण्याला (म्हणजे मला) केबिन. शेवटी चौदा माणसं, दोन गॅस सिलिंडर, एक मोठं पातेलं, ताडपत्री आणि मागं पाण्याचा टँकर असा आराखडा तयार झाला.

तो कागद हॉटेलात फिरला. एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, हा तर दिंडीचा ट्रक झाला."

तो बरोबर बोलला. आषाढात हिंगोली जिल्ह्यातून पंढरीच्या वाटेला लागलेल्या दिंड्यांमागं असे ट्रक चालतात. हौद्यात वळकट्या, राहुट्या, काहिली, पिठाची पोती, फाळक्यावर वाळत घातलेली धोतरं. शेताच्या कडेला थांबतात, तासाभरात गाव वसवतात, पहाटे उचलून पुढं निघतात. कोणत्याही जर्मन पेटीत एवढी माणसं जेवत नाहीत. अन् त्याआधीचं पाहायचं तर नामदेव महाराज. आपल्या नर्सीचे. ते पंजाबात घुमानपर्यंत जाऊन राहिले, चारही चाकांना जोर नसताना. आता हेही सांगून टाकतो: कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बैलगाडीवर नाहीतर ट्रॉलीवर चूल, लेकरू, कोंबडी आणि कोपीचं सामान बांधून ऊसतोडीला येणारी माणसं दर साली सहा-सहा महिने घर उचलून फिरतात. त्यांच्या त्या प्रवासाचं संग्रहालय कुणी काढलेलं नाही.

पण दाजी मागं हटले नाहीत. इसार दिला होता, आणि इसारानंतर विचार बदलणं हे आमच्याकडं बेइमानीत मोडतं. त्यांनी एकच अट घातली: गाडी आखाड्यावर आणून दाखवा. रस्ता नाही तिथं जाते म्हणता ना? आमच्या आखाड्याला रस्ता नाही.

दलाल तयार झाला. मिस्त्रींनी खटपट करून ट्रक चालू केला. त्या धुरानं वखारीच्या वेलीवरचे डास कायमचे गेले. ट्रक डांबरीवरून दिमाखात आला आणि पाणंदीला वळला. भाद्रपदातली पाणंद. आदल्या रात्री पाऊस झालेला. काळी माती ओली झाली की ती जमीन राहत नाही. टायरच्या खाचा भरून टाकते, आणि मग खाच नसलेला गुळगुळीत टायर नुसता गरगरतो. साधा ट्रक असता तर मागची दोन चाकं रुतली असती. शक्तिमानची चारही चाकं जोर लावत असल्यामुळं चारही रुतली, तीही एकाच वेळी आणि सारखी. इतका समतोल मी आयुष्यात पाहिलेला नाही.

टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते, असं दाजींनी सांगितलं. ते खरं आहे, जगभर वाळवंटात तसंच करतात. हवा सोडली. टायर पसरला आणि चिखलही त्याच्याबरोबर पसरला. मग गड्यांनी बांधावरच्या तुराट्या आणि पऱ्हाट्या आणून चाकांखाली कोंबल्या, शेतशेजाऱ्यानं आपला छोटा ट्रॅक्टर आणला, लोखंडी साखळी लावली, आणि राष्ट्रपतींची गाडी उलट्या दिशेनं डांबरीवर आली. शेतशेजारी दाजींना काही बोलला नाही. त्यानं नुसतं पाहिलं, आणि मला वाटतं ते बोलण्याहून वाईट होतं.

ट्रक तरीही घेतला गेला. मात्र घेतला शेतशेजाऱ्यानं आणि दाजींनी मिळून, निम्मे-निम्मे. कल्पना शेतशेजाऱ्याची. फेब्रुवारीच्या शेवटी हळद काढणीला येते तेव्हा काळी माती दगडासारखी वाळलेली असते आणि ट्रकला कुठंही जाता येतं. हळद उकडायचा कुकर (बॉयलर, ड्रम, सगळं) गावोगाव भाड्यानं फिरतो. तो ट्रॅक्टरमागं ओढण्यापेक्षा शक्तिमानच्या हौद्यात ठेवला तर? कुकर हा माल आहे. मालवाहू गाडीत माल ठेवायला टेबल लागत नाही. पासिंग झालं.

गेल्या हंगामात दाजी ट्रकबरोबर गेले. हिशेब लिहायला, असं ते म्हणतात. हळद शिजवायचं काम रात्रंदिवस चालतं. ड्रमवर फेस आला, वाफेला वास सुटला, कांडीत काडी टोचली आणि ती आरपार गेली की घाणा उतरवायचा, पुढचा चढवायचा. दाजी केबिनमध्ये झोपायचे, पहाटे कुणाच्या तरी विहिरीवर आंघोळ करायचे, ज्याच्या आखाड्यावर मुक्काम त्याच्याकडं भाकरी आणि ठेचा. आज कुरुंदा, उद्या गिरगाव, परवा हट्टा. सबंध मोहिमेत त्यांनी तालुक्याची हद्द ओलांडली नाही. रोज रात्री ते जर्मनीत पोराला फोन करून ठिकाण सांगत, आणि पोरगा ते नकाशावर शोधत बसे. त्यातली निम्मी ठिकाणं नकाशावर नव्हती, याचा दाजींना कोण अभिमान.

ताईला विचारलं तर ती म्हणते, बरं आहे, चार पैसे येतात आणि धुणं घरी येतं.

यंदाही हळद निघाली की ट्रक त्याच बाजूला असेल. ज्यांना कुकर पाहिजे त्यांनी आठ दिवस आधी कळवावं, सरपण आपलं ठेवावं, आणि अवकाळी पाऊस झालेला असेल तर बोलावूच नये. सर सोबत येतील. त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो.